चांदात दोन मिळव

मुरुडहून राजपुरीकडे जाताना रस्ता एक चढ चढतो आणि वळणावर एकदम जंजिरा समोर येतो. पर्यटकांच्या गाड्या तिथं थांबतातच. खाली पाणी, मधोमध किल्ला, वर आभाळ. गेल्या पन्नास वर्षांत हा फोटो किती जणांनी काढला असेल, याची मोजदाद नाही. कॅलेंडरवर तोच, हॉटेलच्या भिंतीवर तोच आणि आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्येही तोच.

मीही तो काढला होता. १९९३ सालची गोष्ट. बी.ए. होऊन मी नोकरीला लागलो होतो, कविता करत होतो, आणि गावातल्या फोटो स्टुडिओच्या मालकाशी दोस्ती झाली होती. त्यांचा याशिका कॅमेरा रविवारपुरता मिळायचा. रोल मात्र आपला. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा, म्हणजे चहाची पुडी पुरवतात तसा. धुऊन आलेले फोटो घेऊन मी आधी दादीकडे गेलो. दादी, म्हणजे माझ्या वडिलांची आई, लग्न होऊन आली ती जंजिऱ्यातच. किल्ल्यात वस्ती होती, हे आज पुष्कळांना ठाऊक नसतं. घरं होती, चुली होत्या, पोरं खेळत होती. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झालं, आणि पुढं हळूहळू माणसं किनाऱ्यावर येत गेली. दादी त्यातलीच.

तिनं फोटो हातात धरला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. मला वाटलं, आता हिचे डोळे भरून येणार. ती म्हणाली, "हा तर बाहेरून काढलास. आणि हे पानी भरतीचं की सुकतीचं?"

मला सांगता येईना. फोटो मी काढलेला, पण त्यातलं पाणी कुठल्या वेळचं ते मला ठाऊक नव्हतं. दादीनं फोटो परत दिला आणि ती तांदूळ निवडायला बसली.

बेटांवर भटकायचं आणि तिथले फोटो काढायचे, या विषयावर बोला, असं मला सांगितलं गेलं तेव्हा पहिली आठवण झाली ती या प्रश्नाची. आमच्या रायगड किनाऱ्यावर बेटं थोडीथोडकी नाहीत. वर उरणकडे घारापुरी. थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही जोडी. अलिबागचा कुलाबा, जो दिवसातून दोनदा बेट होतो आणि दोनदा नसतो. आमच्या मुरुडसमोर पद्मदुर्ग, त्याला लोक कासा म्हणतात. आणि जंजिरा. 'जंजिरा' हा शब्दच मुळी अरबी 'जझीरा'वरून आला, त्याचा अर्थ बेट. म्हणजे आपण 'जंजिरा बेट' म्हणतो तेव्हा 'बेट बेट' म्हणत असतो. असो. या सगळ्या बेटांवर पाय ठेवायचा तर कॅमेऱ्याच्या आधी चंद्र मोजावा लागतो.

ते गणित सोपं आहे. कोळीवाड्यातल्या पोरालाही येतं. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, पहाटेचीही साधारण तीनच्या सुमाराची. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब एकच.

असं का होतं, तर चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, आणि समुद्र त्याच्या मागून चालतो. तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं हा खरा हिशेब. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं साठत साठत पौर्णिमेला पाऊण तासाची चूक होते. गणितानं सव्वाअकरा येतात, पण पाणी खरं भरतं बाराच्या आसपास. म्हणून पौर्णिमा-अमावास्येला सरळ बारा धरून चालावं. हाताशी भरती-ओहोटीचं छापील कोष्टक असेल तर उत्तमच. पण होडीत बसल्यावर कोष्टक ओलं होतं आणि मोबाइलची रेंज जाते. बोटांवरचं गणित ओलं होत नाही.

दादीनं पंचांग कधी पाहिलं नव्हतं. तिच्याकडे चांदाची तारीख असायची, आमच्या हिजरी महिन्याची. तिचा नियम होता, "चांदात दोन मिळव, मग पाऊण कर." मला लहानपणी हे दोन कुठून आले ते कळायचं नाही. मोठेपणी उलगडलं. आमचा महिना सुरू होतो तो चंद्रकोर डोळ्यांना दिसल्यावर. अमावास्या सरल्यावर कोर दिसायला बहुधा द्वितीयेची संध्याकाळ उजाडते, आणि दुसऱ्या दिवशी आमची पहिली तारीख असते तेव्हा पंचांगात तृतीया लागलेली असते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी रमजान ईद आणि अक्षय्य तृतीया एकाच दिवशी आली होती, ती याच हिशेबानं. कधी कोर लवकर दिसते आणि फरक एकाचाच पडतो. पण दादीचे दोन सहसा चुकत नसत. पंचांगवाल्याच्या हिशेबात साठणारी चूकही त्या जादा मापात थोडीफार भरून निघायची. शाळा तिनं पाहिली नव्हती.

या गणिताचा फोटो काढणाऱ्याशी काय संबंध? फार जवळचा आहे. फोटोला चांगला उजेड मिळतो तो सकाळी सहा-सातला आणि संध्याकाळी पाच-सहाला, ऊन तिरपं असतं तेव्हा. आता आमच्या किनाऱ्याची गंमत बघा. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराला, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास. आणि हेच दिवस उधाणाचे. पाणी सर्वांत वर चढतं आणि सर्वांत खालीही जातं. साडेचार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे बेटाच्या पायथ्याची खडपं, एरवी न दिसणारी, उघडी पडतात ती नेमकी सोनेरी उन्हात. अष्टमीला उलटं. तेव्हा भांगाचं पाणी असतं, चढउतार निम्म्याहूनही कमी. आणि सहा वाजता भरती. त्या संध्याकाळी बेट भरल्या पाण्यात बसलेलं दिसतं, तटाच्या पायथ्याला पाणी टेकलेलं. ज्याला बेटाचा सांगाडा बघायचा आहे त्यानं पौर्णिमा धरावी. ज्याला बेट तरंगताना बघायचं आहे त्यानं अष्टमी. सगळ्या किनाऱ्यांवर असं जमून येत नाही. भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. आमच्याकडे जमलं आहे, ते आमचं भाग्य.

दुसरी गोष्ट दिशेची. आमची बेटं किनाऱ्याच्या पश्चिमेला. सकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं तर सूर्य आपल्या पाठीशी, आणि तटाचा दगडन् दगड दिसतो. संध्याकाळी तोच किल्ला काळा आकार होऊन जातो. नवखा माणूस संध्याकाळी येतो, तांबड्या आभाळावरचा काळा किल्ला टिपतो आणि खूश होऊन जातो. वाईट नाही. पण तसा फोटो कुठल्याही किल्ल्याचा येतो. त्याऐवजी संध्याकाळी बेटावर असावं आणि किनाऱ्याकडे बघावं. डोंगर, माड, घरांची कौलं, सगळ्यावर ऊन आलेलं असतं. बेटावरची माणसं किनाऱ्याला जशी बघत असतील तसं बघायला मिळतं.

या मोहापायीच मी एकदा फसलो. १९९४ चा डिसेंबर. मामेभावाला घेऊन अलिबागला गेलो होतो. कुलाबा किल्ल्याचा तट मला टिपायचा होता. त्या तटात चुना नाही. मोठमोठे चिरे नुसते एकावर एक रचलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. १६८० साली शिवाजी महाराजांच्या शेवटच्या दिवसांत हे काम सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. साडेतीनशे वर्षं होत आली तरी रचलेले चिरे जागेवर आहेत. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा आहे. एका किलोमीटरभर वाळूच्या पलीकडे इतकं सगळं. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परतायचं.

त्या दिवशी चांदाची चौदावी. दोन मिळवले तर सोळा, सोळाची पाऊणपट बारा. बाराला भरती, सहाला ओहोटी. मला सगळं ठाऊक होतं. आम्ही चारला निघालो, पाऊल भिजेल न भिजेल एवढ्या पाण्यातून गेलो. सहाला सूर्य बुडाला. आता निघायला हवं होतं. पण पौर्णिमेला सूर्य बुडतो आणि चंद्र वर येतो, तो पूर्वेला, म्हणजे अलिबागच्या माडांमागून. मी म्हटलं, एवढा चंद्र घेतो आणि निघू. रोलमधले शेवटचे सहा-सात फोटो उरले होते. चंद्र फोटोत नेहमी टिकलीएवढाच येतो, हे तेव्हा माहीत नव्हतं. तो माडांच्या वर येईपर्यंत थांबलो, मग अजून थोडा, मग अजून थोडा. उतरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते.

इथं थोडं गणित पुन्हा सांगतो, कारण माणसं बुडतात ती हे माहीत नसल्यामुळं. भरती सहा तासांत सारख्या वेगानं चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे साडेचार मीटरच्या उधाणात पहिल्या तासाला पाणी जेमतेम फूट-सव्वाफूट वाढतं. माणूस म्हणतो, बघा, किती सावकाश येतंय! आणि तिसऱ्या तासात तेच पाणी एक मीटरहून जास्त चढतं. आम्ही वाळूत उतरलो तेव्हा तिसरा तास लागला होता.

अर्ध्या वाटेवर पाणी कमरेला. अजून पन्नास पावलांवर छातीला. चांदणं इतकं लख्ख होतं की किनाऱ्यावरची माणसं दिसत होती. मामेभावाला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं आणि मी विसरलो होतो. त्याचा पाय सुटला. त्याला धरताना खांद्यावरची पिशवी पाण्यात गेली. आम्ही मागं फिरलो. कसे पोचलो ते सांगता येणार नाही. खडपांवरच्या कालवांनी पायांचे तळवे कापले होते, ते सकाळी कळलं. किल्ल्यातल्या एका घरानं चहा दिला, घोंगडी दिली, एक शब्द विचारला नाही. पहाटेच्या ओहोटीला उजाडता उजाडता परतलो तेव्हा एक म्हातारा नाखवा जाळं सावरत बसला होता. तो म्हणाला, "काय रे भाय, पंचांग घरी ठेवून आलास?"

कॅमेरा खाऱ्या पाण्यानं गेला. त्याचे पैसे मी वर्षभर फेडले. पण त्याहून मोठं नुकसान रोलचं. त्याच रोलवर आदल्या आठवड्यात मी जंजिऱ्याच्या आत जाऊन काढलेले फोटो होते. दादीसाठी, तिनं सांगितलेल्या खुणांवरून. घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "चांद कितवा होता?" मी म्हटलं, चौदावा. ती म्हणाली, "म्हणजे तुला ठाऊक होतं."

त्यानंतर बेटावर जायचं तर आधी निघायची वेळ ठरवायची आणि मग जायची, अशी सवय लागली. खांदेरीला नंतर पुष्कळदा गेलो. थळहून होडी मिळते. बेट छोटं, दोन टेकड्यांचं. तटावरून फेरी मारायला फार वेळ लागत नाही, पण पाय जपावे लागतात. दगड सुटलेले, निवडुंग, झाडोरा, आणि बाहेरच्या अंगाला लाटांचा मारा. एका टेकडीवर १८६७ सालचं दीपगृह आहे. वेताळाचं ठाणं आहे, कोळ्यांची त्यावर फार श्रद्धा. एक शिळा अशी आहे की दुसऱ्या दगडानं ठोकली तर भांड्यासारखी वाजते. १६७९ साली मायनाक भंडारी यांनी इथं तट उभारायला घेतला तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबतं आणून अडवायचा प्रयत्न केला. मराठ्यांच्या आरमाराच्या बाजूनं त्यांच्याशी झुंजणारा सरदार दौलतखान होता. समोरच्या उंदेरीवर लगेचच्या जानेवारीत सिद्दी येऊन बसला. दोन्ही बेटांच्या मधलं पाणी त्या काळी किती अस्वस्थ असेल! आज तिथं मासेमारीच्या होड्या नांगर टाकून असतात. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात खांदेरीही आहे. आता गर्दी वाढेल. उंदेरीला धक्का नाही, खडपावरच उडी मारावी लागते, म्हणून ती अजून रानटी राहिली आहे. हौशी माणसानं एकट्यानं तिकडे जाऊ नये. नाखवा 'नाय' म्हणाला तर पैसे वाढवून बघू नये.

माझ्या भाच्याची तक्रार निराळी असते. तो मोबाइलवर परदेशातली बेटं दाखवतो. पांढरी वाळू, काचेसारखं निळं पाणी. "मामू, आपल्याकडे असं का नाही?" त्याला मी सांगतो, ती वाळू पोवळ्याची आणि शिंपल्यांची, म्हणून पांढरी. आपला खडक लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेला तो काळा दगड. त्याची वाळू काळपटच होणार. आणि आपल्याकडे कुंडलिका, सावित्री यांसारख्या नद्या आणि एवढ्या खाड्या गाळ आणून टाकतात, दिवसातून दोनदा भरती तो ढवळते. पाणी चहाच्या रंगाचं नाही झालं तरच नवल. हा गाळ आहे म्हणून खारफुटी आहे, कोळंबी आहे, बोंबील आहे. निळ्या पाण्याच्या बेटावर आमच्या कोळणीनं टोपलीत काय भरलं असतं?

पण भाचा मोबाइलवर बोट फिरवतो आणि आमचा समुद्र निळा करून टाकतो. मला ते आवडत नाही. सरकारी पत्रकांतही तेच होतं. पर्यटक निळं पाणी बघून येतो, तपकिरी पाणी बघून हिरमुसतो आणि म्हणतो, किनारा घाण आहे. निळाईच बघायची असेल तर पावसाळा सरल्यावर, वारा पडला असताना, भांगाच्या दिवसांत यावं. पाणी त्या मानानं निवळतं आणि पावसानं धुतलेली हवाही स्वच्छ असते. पावसाळ्यात मात्र बेटांचं नाव काढू नये. होड्याच बंद असतात, आणि त्या का बंद असतात ते मुरुडच्या किनाऱ्यावर आषाढात एकदा उभं राहिलं की कळतं.

खरा फोटो काढायचा तर पद्मदुर्गाचा काढावा. हा किल्ला शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या तोंडासमोर बांधून घेतला. त्याची रसद पोचायला उशीर झाला म्हणून एका सुभेदाराला त्यांनी लिहिलेलं कडक पत्र प्रसिद्ध आहे. पडकोटाचा बराच भाग पडला, पण त्याचा कमळाच्या पाकळ्यांसारखा बुरूज उभा आहे. आणि त्याच्या भिंतीपाशी गेलं की माणूस थबकतो. दगड झिजून आत गेला आहे आणि दोन दगडांमधला चुना तसाच बाहेर उभा. सगळी भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. सांधा शिल्लक, सांधलेलं नाहीसं.

हे कसं होतं? दगडाला बारीक छिद्रं असतात. लाटेचे तुषार त्यात शिरतात, उन्हानं पाणी उडून जातं, मीठ आत राहतं. मिठाचे खडे वाढतात आणि आतून दगडाचे कण ढकलून मोकळे करतात. वारा आणि पुढची लाट ते कण घेऊन जातात. वर्षानुवर्षं हे चाललेलं असतं. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला अशीच जाळी पडलेली दिसते. तिथं माणसानं सांधलेलं काही नाही, नुसता दगड आणि मीठ. पद्मदुर्गावर मात्र गवंड्यांनी चुना असा मळला की मिठाला तो पचला नाही. त्यात काय काय घातलं होतं याच्या गोष्टी गावात पुष्कळ आहेत. मी त्या ऐकतो आणि सोडून देतो. कुलाब्याला चुना घातला नाही म्हणून तट टिकला, इथं दगड गेला आणि चुना टिकला. एकाच किनाऱ्यावर, तासा-दीड तासाच्या अंतरात, दोन्ही बघायला मिळतं.

ही भिंत दुपारी बारा वाजता टिपली तर सपाट दिसते. तिरपं ऊन हवं, म्हणजे प्रत्येक खोबणीत सावली बसते. तिरपं ऊन आणि उतरायला जोगं पाणी एकत्र यायला हवं, म्हणजे पुन्हा तिथी आली. गेल्या तीस वर्षांत मी त्याच भिंतीचे तेच फोटो पुन्हा पुन्हा काढले आहेत. जुने कागदावरचे आणि नवे मोबाइलमधले शेजारी ठेवले की काही चौकटी खोल झालेल्या दिसतात. दिवंगत गोपाळ बोधे यांनी आकाशातून काढलेल्या महाराष्ट्राच्या किल्ल्यांच्या आणि दीपगृहांच्या छायाचित्रांपुढं मी नेहमी हात जोडतो. बेटाचा आकार पहिल्यांदा त्यांनीच आम्हाला दाखवला. पण मिठाचं हे काम हेलिकॉप्टरमधून दिसत नाही. त्यासाठी भिंतीला नाक लावावं लागतं.

२०१६ च्या फेब्रुवारीत पुण्याहून सहलीला आलेले चौदा विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. मुरुड त्या रात्री झोपलं नाही. कोळ्यांच्या होड्या शोधायला बाहेर पडल्या होत्या. त्यानंतर मी भाच्याला आणि त्याच्या मित्रांना घरी बसवून चांदाचं गणित शिकवलं. त्यांना ते जुनाट वाटलं. मोबाइलवर भरतीची वेळ येते की! येते ना. पण ती बघायची असते, हे मोबाइल सांगत नाही. आणि बघितली तरी चंद्र वर येताना बघून पाय निघत नाही. तेव्हा आता माझा नियम असा आहे: बरोबर येणाऱ्यांतल्या एकानं फोटो काढायचे नाहीत. त्यानं फक्त घड्याळ आणि पाणी बघायचं. तो 'चला' म्हणाला की उठायचं. बहुतेक वेळा तो एक मीच असतो.

दादीचे फोटो राहून गेले होते. नवा कॅमेरा हाती यायला पुढचा हिवाळा उजाडला. मी पुन्हा राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्यात गेलो. होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तो राजपुरीच्या बाजूच्या तटात दडलेला आहे. आत गेल्यावर लोक कलालबांगडी तोफेकडे धावतात. मी तलावाकडे गेलो. चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत हा गोड्या पाण्याचा दगडी तलाव. दादीच्या खुणा होत्या: तलावाच्या पायऱ्या, तिथून पडक्या वाड्याकडे तोंड, मग डाव्या हाताला. वाड्याच्या भिंती मजल्यावर मजला उभ्या होत्या, नुसती खिडक्यांची भोकं. डाव्या हाताला सगळं रान माजलेलं. मी पायऱ्या आणि वाडा एका फोटोत घेतला, पाणी किती पायऱ्या खाली आहे तेही दिसेल असा. आणि मागं शाईनं लिहिलं: चांद सहावा, सकाळी नऊ, बाहेर भरती नुकतीच सरायला लागलेली.

दादी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिनं आधी फोटोची पाठ वाचून घेतली. बोटांवर मोजलं. सहात दोन आठ, आठाची पाऊणपट सहा. "नऊला निम्मी सुकती. नुकती सरायला लागली म्हनं!" चूक माझीच होती. मग तिनं फोटो उलटला. पायऱ्यांवर बोट ठेवलं, एक, दोन, तीन करत वर नेलं, वाड्याकडे वळवलं, मग डावीकडे. बोट फोटोच्या कडेला आलं आणि पुढं गेलं, गोधडीवर चार बोटं. तिथं तिनं दाबून दाखवलं.

"चूल इथं," ती म्हणाली.